रश्शातला पाला

बस डेपोच्या कँटीनमध्ये त्यांना सगळे हिरवीताई म्हणत, आणि तेही तोंडावर. एकसष्ट वर्षांची बाई, उंची बेताची, आवाज मात्र डेपोच्या भोंग्याला लाजवणारा. सकाळी कँटीनचं शटर वर गेलं की आधी पाल्याची पोती आत यायची, मग बाकीचं जग. पालक, मुळ्याचा पाला, बीटाची पानं, मोहरीची पानं. जितका रंग गडद तितकी ताईंची माया जास्त. ऑम्लेटात पाला, सूपमध्ये पाला, भातातसुद्धा पाला. एखादा ड्रायव्हर ताटाकडे बघून कुरकुरला, "ताई, आज कुठलं गवत?" की ताई झारा उगारून म्हणायच्या, "हत्ती काय मटण खाऊन एवढा झालाय? मुकाट्यानं खा. दिवसभर बूड टेकून बसतोस, पोटाचा दगड झालाय तुझ्या." आणि तो गडी खायचा. ताईंपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

कँटीनमध्ये सगळा मामला असा उघड. घरी मात्र ताई चोर होत्या. हो, चोरच म्हणतो मी, कारण दुसरा शब्द लावायचा म्हटलं तर तो गुळमुळीत होईल.

घरी धाकटा भाऊ होता. सात वर्षांनी लहान, धंद्यानं शिंपी, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे. खाली दुकान, वर दोन खोल्या. पाच वर्षांपूर्वी मास्तरांची बायको वारली. एकुलती लेक लग्न होऊन चार तासांच्या अंतरावर गेलेली. तेव्हा ताईंनी आपलं एकटीचं बिऱ्हाड गुंडाळलं आणि भावाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मास्तर स्वभावानं गरीब, पण दोन बाबतींत ताठ. एक, मापात सुताचा फरक चालायचा नाही. दुसरं, पालेभाजी. "उभ्या जन्मात पान तोंडात घातलेलं नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. "माणूस आहे मी, शेळी नाही." आणि वर ताईंकडे बघून मिशीत हसत.

ताईही हसत. कारण मास्तर जन्मभर पालाच खात आले होते.

मास्तर सात वर्षांचे असताना त्यांना ताप आला, सांधे सुजले, महिनाभर अंथरुणात गेला. उठले तेव्हा ओठ पांढरेफटक. डॉक्टरांनी आईला सांगितलं, रोज गडद हिरवा पाला पोटात गेला पाहिजे. आई दिवसभर लाँड्रीत इस्त्र्या करायची, तेव्हा हे काम आलं चौदा वर्षांच्या ताईंकडे. पोरगा घास तोंडात धरायचा आणि भिंतीवर थुंकायचा. मार खाल्ला तरी गिळायचा नाही. मग एका दुपारी जिन्यात चक्कर येऊन कोसळला. त्या दिवशी ताईंनी पाला उकळला, पाट्यावर गंधासारखा वाटला आणि मटणाच्या काळपट रश्शात मिसळून दिला. पोरानं ताट चाटूनपुसून खाल्लं. ताईंनी आईलाही पत्ता लागू दिला नाही.

तेव्हापासूनची ही विद्या. आता पाट्याऐवजी मिक्सर होता आणि फ्रिज होता. रविवारी मास्तर दुकानात असले की ताई पाला उकळत्या पाण्यातून काढायच्या, वाटायच्या आणि बर्फाच्या साच्यात गोठवायच्या. तुकडे एका डब्यात, डबा मटारच्या पिशवीखाली. रोज सकाळी दोन तुकडे, संध्याकाळी दोन. टोमॅटो, बीट, भाजलेला कांदा यांच्या रंगात हिरवं कुठल्या कुठे बुडून जायचं. "ताईच्या रश्शाला दाटपणा येतो तो कुणाला जमत नाही," असं मास्तर अभिमानानं सांगत. ताईंना त्यात लबाडी वाटतच नव्हती. माया वाटत होती.

गेल्या वर्षी मास्तरांना जिना चढताना धाप लागू लागली. लहानपणच्या त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केली होती. ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली. शांत खोलीत ती टिकटिक वाजायची. शेजारच्या दुकानातला घड्याळजी कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "मास्तर, हे मॉडेल माझ्याकडे दुरुस्तीला आणू नका हं." झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र जन्माची मागे लागली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पथ्याचा कागद समोर ठेवून एकेक ओळ विचारली. "पालेभाज्या किती खाता?"

"अजिबात नाही," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले.

"मग हे तुम्हाला लागू नाही," म्हणत बाईंनी ती ओळ पेनानं आडवी खोडली. ताई तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होत्या. घरी आल्यावर त्यांनी कागद वाचला, पण खोडलेलं कोण वाचतं? खोडलं म्हणजे आपल्याला नको, एवढं साधं.

आणि मग तो आकडा सुरू झाला. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. मास्तरांचा यायचा दीड, पावणेदोन. गोळी पाच मिलिग्रॅमची होती ती सहाची झाली, मग साडेसाताची. आकडा ढिम्म. ताईंना वाटलं, भाऊ अशक्त झालाय, औषध अंगी लागत नाही. त्यांनी काय करावं? दोनाचे तीन तुकडे केले.

आकडा आणखी खाली गेला.

"मास्तर," डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "पाला नाही, दारू नाही, मग एवढी गोळी जाते कुठे? खरं सांगा, चुकवता ना?"

मास्तर घरी आले ते चेहरा पाडून. हा माणूस रोज गोळी घेतली की कटिंगच्या टेबलाच्या कडेला खडूनं एक रेघ मारायचा. रेघांची रांग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला पोचली होती. ताईंनी भावाची बाजू घ्यावी की नाही? नाही घेतली. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "रेघा काय, कुणीही मारील. तुझी बायको गेली, आता तुलाही जायचंय का? घे शपथ तिच्या फोटोसमोर."

चोपन्न वर्षांच्या माणसानं बायकोच्या फोटोसमोर उभं राहून शपथ घेतली की मी एकही गोळी चुकवलेली नाही. ताईंच्या मनात तेव्हा तरी पाल चुकचुकावी! छे. त्यांनी डोळे पुसले आणि रस्सा गरम करायला ठेवला.

गोळी नऊची झाली तेव्हा कुठे आकडा जाग्यावर आला. "बघा," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "नियमित घेतली की येतो. आता एकदम महिन्यानं या." मास्तरांनी मान खाली घातली. लाज वाटायचं काम त्यांचं नव्हतं, पण वाटली त्यांनाच.

पुढच्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. दिवस भरले होते, सासू आजारी, करायला कुणी नाही. ताईंनी कँटीनमधून रजा काढली. दोन दिवसांचा रस्सा करून ठेवला, पुढं अंडी, पाव, कोपऱ्यावरच्या हॉटेलातला भात. निघताना फ्रिजपाशी त्या क्षणभर थांबल्या. डबा मटारखाली होता. पण सांगायचं कसं? राहू दे, त्या स्वतःशी म्हणाल्या, आठ-दहा दिवस पाला नाही मिळाला तर मरत नाही कुणी.

लेकीला मुलगी झाली. सगळं सुखरूप पार पडलं. नवव्या दिवशी सकाळी दहाला घड्याळजीचा फोन आला.

"ताई, घाबरू नका," अशी त्यानं सुरुवात केली, म्हणजे ताई तिथंच घाबरल्या. "मास्तरांना काल संध्याकाळी सुई लागली बोटाला. आज सकाळपर्यंत रक्त थांबलं नव्हतं. आता नाकातूनही यायला लागलंय. मांडीला टेबलाचा कोपरा लागला होता म्हणे, तिथं ताटाएवढं काळंनिळं झालंय. मी हॉस्पिटलात आणलंय त्यांना."

 पण हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती ती. रक्त गेलंय, तर रक्त भरायला हवं. लेकीला म्हणाल्या, "बाबांना जरा बरं नाही, बघून येते." आणि ओल्या बाळंतिणीसाठी आणलेली पालकाची अख्खी जुडी उकळली, वाटली, बीट आणि टोमॅटोत घातली. थर्मास गच्च भरला. बसमध्ये चार तास तो थर्मास त्यांनी मांडीवर पोरासारखा धरला होता. ड्रायव्हर त्यांच्याच डेपोतला निघाला. "हिरवीताई, आज डब्यात काय?" त्यानं विचारलं. ताईंनी नुसता थर्मास आणखी घट्ट धरला, तेव्हा बिचाऱ्यानं गाडी जरा जोरात काढली.

वॉर्डात दुपारचं ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. मास्तर उशीला टेकून बसले होते. नाकात कापसाचे बोळे, बोटाला जाड पट्टी, रंग मेणासारखा. बहिणीला बघताच पहिलं काय बोलले असतील?

"ताई, मी गोळी जास्त घेतली नाही गं," ते म्हणाले. "हे लोक म्हणतायत, मी रागानं दोन-दोन घेतल्या. आकडा नवावर गेलाय म्हणे. आधी म्हणाले चुकवता, आता म्हणतात जास्त घेता. तूही तसंच म्हणणार असशील तर आत्ताच म्हण, म्हणजे एकदाचं होऊन जाईल."

ताईंनी थर्मास पुढं घेतला. "काही म्हणत नाही मी. आधी हे पी."

थर्मासचं झाकण उघडलं. लालभडक दाट सूप कपात ओतलं, कप मास्तरांच्या हातात दिला. तेवढ्यात सिस्टर सलाइन बघायला आली.

"घरचं सूप? छान. पाला नाही ना त्यात?"

"आमच्या घरात पान येत नाही," मास्तर थकलेल्या आवाजात म्हणाले.

"मग हरकत नाही. पाला या गोळीच्या बरोब्बर उलटं काम करतो. आत्ताच रक्त आवरायचं औषध दिलंय, तेसुद्धा थेंब मोजून. जास्त झालं तर रक्त घट्ट होऊन झडपेवर गाठ धरायची. मग डोक्यात जाते ती गाठ." एवढं बोलून ती सलाइनची नळी तपासू लागली.

ताई उभ्या होत्या तिथंच थिजल्या. दीड, पावणेदोन. तीन तुकडे. नऊची गोळी. आणि दोन दिवसांचा रस्सा संपल्यावर आठवडाभर घरात पाल्याचं नावही नाही. कँटीनमध्ये दीडशे माणसांचं माप डोळे मिटून काढणारी बाई ती, हे माप जुळायला तिला किती वेळ लागणार? एका श्वासात सगळं जुळलं.

मास्तरांनी कप उचलला.

बोलावं तर सत्तेचाळीस वर्षांचं खोटं या माणसापुढं उघडं पडणार, ज्याला परवा फोटोसमोर उभं केलं होतं. न बोलता काही करता येईल का? गार झालंय म्हणावं, माशी पडली म्हणावं, हळूच बेसिनमध्ये ओतावं. अजूनही जमलं असतं, बरं का. ताईंना असल्या युक्त्यांची कमी नव्हती. पण मग डॉक्टरांना काय कळणार? ते पुन्हा त्याच खोट्यावर गोळी ठरवणार आणि हा बिचारा पुन्हा चोर ठरणार.

कप ओठाला लागला. ताईंनी झडप घालून तो हिसकावला. सगळं सूप पांढऱ्या चादरीवर सांडलं. सिस्टर वळली, तो लाल डाग बघून किंचाळली, "अगं बाई, रक्त!" आणि धावत बेल दाबली.

"रक्त नाही ते," ताई ओरडल्या. "पाला आहे. अख्खी जुडी आहे त्यात."

मास्तर कपाकडे बघत होते. मग बहिणीकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"रोज घालत होते रे मी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. नंतर तीन-तीन. वाटून. रश्शात, सूपमध्ये, खिम्यात." ताईंचा तो भोंग्याला लाजवणारा आवाज चिरकला होता. "तू सात वर्षांचा होतास तेव्हापासून."

बेल ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ताईंना ओरडायच्या आधी माप विचारलं. ताईंनी सांगितलं: दिवसाला शिजवलेला पाला वाटीभर, गावाला जायच्या आधी दीड महिना दीड वाटी. बाई खुर्ची ओढून बसल्याच. सिस्टरला म्हणाल्या, "यकृताच्या तपासण्या लिहिल्यात त्या थांबवा. कारण सापडलं." मग बराच वेळ कागदावर काही मांडत राहिल्या.

"मी नऊची गोळी यांना देतच नव्हते," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या वाटीला देत होते. तुम्ही गावाला गेलात, वाटी बंद झाली आणि गोळी तेवढीच राहिली."

"या कपानं काय झालं असतं?" ताईंनी विचारलं.

"एका कपानं कदाचित काही नाही. पण तुम्ही रोज आणला असता ना?"

ताईंनी मान हलवली. हो, आणला असता.

बाई मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही एकही गोळी चुकवली नव्हती. मी तुम्हाला खोटं ठरवलं. माफ करा."

मास्तरांनी ऐकलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चादर कानावर ओढून घेतली. त्यांचे खांदे हलत होते. ताई जवळ जायला निघाल्या तर आतून आवाज आला, "तू नको."

पुढचे पाच दिवस मास्तर बहिणीशी एक अक्षर बोलले नाहीत. रक्त थांबलं, आकडा उतरत उतरत तीनवर आला, पण तोंड बंद. ताई रोज यायच्या, रिकाम्या हातांनी, आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर दोन तास बसायच्या. मास्तर हॉस्पिटलचा कोरडा पाव खायचे, आणि तोही आधी मधोमध फाडून, आत बघून.  शत्रूच्या घरचं खावं तसा भाऊ जेवत होता.

सहाव्या दिवशी घरी सोडायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "आता ठरवून सांगा. पाला बंद करायचा तर कायमचा बंद, त्या हिशेबानं लहान गोळी देते. खायचा तर रोज, आणि रोज सारखाच. आज नाही, उद्या दुप्पट, असलं काही चालणार नाही. माझ्या मते खावा, तब्येतीला चांगला आहे. पण घरात खरं बोललं जाणार असेल तरच. नाहीतर बंद केलेला बरा."

ताई तत्काळ म्हणाल्या, "बंद. मी पुन्हा हात लावणार नाही पाल्याला." आणि हे त्या बाईनं म्हणावं, म्हणजे बघा.

मास्तरांनी पाच दिवसांत पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "रोज एक वाटी लिहा. पण वाटलेला नाही. पानं मला दिसली पाहिजेत. आणि चिरताना मी तिथं बसणार."

संध्याकाळी तसंच झालं. ताईंनी पालक धुतला, मास्तर स्टूल घेऊन स्वयंपाकघरात बसले. चिरलेली पानं त्यांच्या डोळ्यांसमोर तव्यावर गेली, मीठ गेलं, लसूण गेला. वाटीनं मोजून ताटात वाढलं. मास्तरांनी पहिला घास घेतला. चेहरा असा झाला की ताईंना सात वर्षांचा पोरगा दिसला. भिंत शेजारीच होती, पण ते थुंकले नाहीत. पाणी न पिता गिळला.

तीन-चार घास झाल्यावर ते थांबले. काहीतरी मनात मोजल्यासारखं करून म्हणाले, "ताई, तू इथं आलीस पाच वर्षांपूर्वी. त्याआधी बावीस वर्षं ही स्वयंपाक करत होती."

ताई तवा पुसू लागल्या.

"तिला माहीत होतं?"

एक "नाही" म्हटलं असतं की संपलं असतं. फोटोतली बाई काही सांगायला येणार नव्हती. भावाला एवढं तरी त्याचं राहिलं असतं, असं ताईंच्या मनात आलंच. 

"हो," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर आठ दिवसांत मीच शिकवलं होतं तिला."

मास्तर ताटाकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. "आणि मी तिला म्हणायचो, तुझ्या हाताला चव आहे," ते कसेबसे म्हणाले.

"होतीच चव," ताई म्हणाल्या. "खोटं फक्त पाल्यापुरतं होतं रे."

 मास्तरांनी ताट पुढं ओढलं आणि वाटीभर पाला तळापर्यंत संपवला. मग उठले, ताट घासायला टाकलं आणि दारात थांबून म्हणाले, "उद्या सहाला चिरशील ना? मला हाक मार. माझ्याशिवाय सुरुवात करू नकोस."